कोकणातलं पाणी थांबतं कुठे? हिमयुगापासून मे महिन्यातल्या विहिरीपर्यंत

शाळेच्या भूगोलात हिमनदीचा धडा येतो तेव्हा कोकणातली मुलं तो निमूटपणे पाठ करतात. 'यू' आकाराची दरी, हिमगव्हर, हिमोढ. परीक्षा झाली की विसरतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही बर्फ नाही, हिमयुगातही नव्हता. जानेवारीत दापोलीला गारठा पडला की 'मिनी महाबळेश्वर' म्हणून मिरवायचं, एवढाच आपला थंडीशी संबंध.

तरीही दाभोळची, जयगडची, विजयदुर्गची खाडी आज जिथवर आत शिरलेली दिसते, ती बर्फामुळेच. हा बर्फ साचला कॅनडात आणि उत्तर युरोपात, वितळला तिकडेच, आणि त्याचा परिणाम आपल्या किनाऱ्यावर कोरला गेला. हे कसं झालं ते कळलं, की मे महिन्यात आपली विहीर का आटते हेही कळायला सोपं जातं. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: पडलेलं पाणी जमिनीवर किती काळ थांबतं?

पृथ्वीवर पाणी जवळजवळ तेवढंच असतं, फक्त जागा बदलतं. समुद्राची वाफ होते, ढग जमिनीवर येतात, पाऊस पडतो, नद्या ते पाणी परत समुद्रात नेतात. हिमयुगात या फेऱ्यात अडथळा आला. उत्तरेकडे पडलेला बर्फ उन्हाळ्यातही पुरता वितळेना. थरावर थर चढत गेले आणि काही ठिकाणी बर्फाची जाडी तीन किलोमीटरपर्यंत गेली. समुद्रातून पाणी निघत होतं, पण परत येत नव्हतं. साहजिकच समुद्र उतरला. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, बर्फ सगळ्यांत जास्त पसरला होता तेव्हा, जगभरच्या समुद्राची पातळी आजच्यापेक्षा अंदाजे १२० मीटर खाली होती.

१२० मीटर म्हणजे किती, हे आपल्या किनाऱ्यावर मोजून पाहू. मुंबई हाय हे १९७४ मध्ये तेल सापडलेलं क्षेत्र मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर समुद्रात आहे. तिथे पाण्याची खोली आहे साधारण ७५ मीटर. म्हणजे या हिशेबाने त्या काळी तेलविहिरींच्या जागी कोरडी जमीन असणार आणि लाटा त्याच्याही पलीकडे फुटत असणार. आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागून असलेला उथळ समुद्रतळ मुंबईसमोर सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे, दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो. त्यातला बराच भाग तेव्हा उघडा पडला होता. वाशिष्ठी, सावित्री, शास्त्री या नद्या आज जिथे समुद्राला मिळतात तिथे न थांबता पुढे वाहत होत्या. समुद्र खाली गेला की नदीला उतार जास्त मिळतो आणि ती तळ खणत जाते. तशा या नद्यांनी आपापल्या दऱ्या खोल केल्या.

मग हवामान तापत गेलं. बर्फ वितळला, पाणी समुद्रात परतलं, आणि सुमारे ७,००० वर्षांपूर्वीपर्यंत समुद्र आजच्या पातळीच्या आसपास आला. खणलेल्या दऱ्यांच्या तोंडातून खारं पाणी आत शिरलं आणि दऱ्या बुडाल्या. बुडालेली नदीची दरी म्हणजेच आपली खाडी. म्हणून कोकणातली खाडी नकाशावर झाडाच्या फांदीसारखी दिसते. मुख्य खाडी वळणं घेत आत येते आणि तिला बाजूच्या लहान खाड्या मिळतात, कारण मुळात ती नदी आणि तिचे ओहोळ होते.

नॉर्वेच्या किनाऱ्यावर बुडालेल्या दऱ्याच आहेत, पण त्या हिमनद्यांनी कोरल्या. हिमनदी म्हणजे सावकाश सरकणारा बर्फाचा प्रचंड ओघ. तळाशी अडकलेल्या दगडधोंड्यांनी ती दरीचा तळ आणि दोन्ही कडा खरवडून काढते. म्हणून तिथल्या खाड्यांचे, म्हणजे फ्योर्डचे, काठ सरळसोट उभे असतात आणि खोली अफाट. सोग्नेफ्योर्ड ही त्यांतली सगळ्यांत मोठी, २०० किलोमीटरहून लांब आणि सुमारे १,३०० मीटर खोल. आपल्या खाडीत ओहोटीला होडी गाळात रुतते. शिवाय फ्योर्डमध्ये गाळ भरण्यापेक्षा खोली इतकी जास्त की दलदलीला जागाच कमी. आपल्याकडे उलट आहे. खोली थोडी, सह्याद्रीवरून धुऊन येणारी माती भरपूर, आणि दिवसातून दोनदा भरती. त्यामुळे दलदल आणि कांदळवन यांना कोकणात सोयीची जागा मिळाली.

समुद्र असा जमिनीवर चढल्याचा पुरावा मुंबईत अगदी हाताला लागला होता. १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली झाडांचे बुंधे सापडले. त्यांतले कित्येक मुळांसकट उभेच होते, म्हणजे वाहून आलेले नव्हते, तिथेच वाढलेले होते. तिथे समुद्र चढला की जमीन खचली यावर भूशास्त्रज्ञांत वाद झाले. एकच कारण असायला हवं असंही नाही.

आता खाडीत उतरू. भरतीचं पाणी किती आत येतं याचा अंदाज किनाऱ्यावर राहणाऱ्यांनाही अनेकदा नसतो. वाशिष्ठीत ते दाभोळपासून आत, चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत पोचतं. जुन्या काळी मालाची गलबतं भरती साधूनच गोवळकोट बंदरात येत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त चढतं, अष्टमीच्या सुमारास भांगाच्या भरतीला कमी. या चढ-उताराच्या पट्ट्यात दिवसातले काही तास जमीन असते आणि काही तास पाणी. इथे जगणं सोपं नाही. मीठ आहे, आणि चिखलात हवाही नाही.

ओहोटीला कांदळवनाच्या कडेला उभं राहून तिवराचं पान तोडा आणि जिभेला लावा. खारट लागेल. तिवर मुळांतून खारं पाणी घेतो आणि नको असलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतो. कोरड्या दिवसांत पानावर त्याचे बारीक कणही दिसतात. झाडाभोवतीच्या चिखलातून बोटभर लांबीची शेकडो टोकं वर आलेली असतात, ती त्याची श्वास घेणारी मुळं. शेजारच्या कांदळाची तऱ्हा वेगळी. तो मीठ बरंचसं मुळाशीच अडवतो, आणि त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं. हिरवी लांब शेंगच वाटावी असं ते रोप खाली पडतं आणि चिखलात टोक रोवून उभं राहतं. या मुळांच्या गुंत्यात पाण्याचा वेग मोडतो, गाळ बसतो, कोळंबीची आणि माशांची पिल्लं लपतात. ज्याला तिसऱ्या, कालवं आणि चिंबोऱ्या आवडतात त्याने कांदळवनाला 'घाण' म्हणू नये, एवढं तरी पाळावं.

याच पट्ट्यात माणसानेही शेत केलं. रायगडातला खारेपाट हा त्याचा मोठा नमुना, पण खाजणशेती साऱ्या कोकणात आहे. खाडीच्या कडेला मातीचा बांध घालायचा आणि त्यात उघाडी ठेवायची. उघाडी म्हणजे पाणी बाहेर सोडायचं दार. झडप अशी बसवतात की ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने ती बाहेर उघडते आणि भरतीला समुद्राच्याच दाबाने बंद होते. मोटर नको, माणूस नको. पहिल्या काही जोरदार पावसांत मातीतलं मीठ विरघळून उघाडीतून निघून जातं, मग मोड आलेलं बी फेकतात. काळा राता, भुरा राता ही खार सोसणारी जुनी भातं याच जमिनींतली, आणि पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पुढे सुधारित वाणही काढले. ही जमीन कुणी आयती दिलेली नाही, कुळांनी चिखल उपसून ती कमावली. अलिबागजवळच्या चरी गावात १९३३ ते १९३९ असा सहा वर्षं चाललेला शेतकऱ्यांचा संप याच खारेपाटातला, हे त्या बांधावरून चालताना आठवतंच.

बांधाला खांड पडली आणि उधाणाचं पाणी आत आलं की पुढचे काही पावसाळे मीठ धुण्यातच जातात. इथे दूरवरचा बर्फ पुन्हा गोष्टीत येतो. समुद्र आज दरवर्षी साडेतीन-चार मिलिमीटरच्या आसपास वाढतोय. एक कारण म्हणजे हिमनद्या आणि ग्रीनलंड, अंटार्क्टिकाचा बर्फ वितळतोय. दुसरं, तापलेलं पाणी फुगतं. हिमयुग संपताना वेग सरासरीने याहून जास्त होता, पण तेव्हा किनाऱ्यावर बांध, घरं आणि सातबारा नव्हता. साडेतीन मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतं. बांधाची उंची मात्र उधाणाच्या रेषेपेक्षा फुटा-दोन फुटांनीच जास्त असते, आणि वीस-तीस वर्षांत त्यातली काही इंचं नुसत्या समुद्राने खाल्लेली असतात.

हे झालं खाऱ्या पाण्याचं. प्यायच्या पाण्याची वाटणी पाहिली तर आपला प्रश्न नेमका कुठे आहे ते दिसतं. जगातल्या एकूण पाण्यापैकी गोडं पाणी सुमारे अडीच टक्के. त्यातला दोन तृतीयांशाहून अधिक भाग बर्फात अडकलेला आणि साधारण तीस टक्के जमिनीखाली. नद्या आणि तळी मिळून एक टक्काही भरत नाहीत. हिमालयातल्या नद्यांना उन्हाळ्यात बर्फ पाणी पुरवतो. ऊन वाढतं तसा तो वितळतो, म्हणजे गरज असते तेव्हाच पाणी येतं. सह्याद्रीला ही सोय नाही. आपल्याकडे पाणी साठवायचं काम दगडाने, मातीने आणि रानाने करायचं.

पाऊस कमी आहे का? मुळीच नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पडतो, आंबोलीला त्याच्या दुपटीच्या घरात. पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. आणि घाटमाथ्यापासून समुद्र फार तर पन्नास-साठ किलोमीटर. हजार मीटरच्या आसपास उंचीवरून निघालेलं पाणी पऱ्ह्यातून नदीत, नदीतून खाडीत, बहुतेक एका दिवसात समुद्रात.

जे थोडं थांबतं ते सड्यामुळे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. लाखो वर्षं पाऊस आणि उष्णता यांनी काळ्या बेसाल्टला धुतलं, त्यातली सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, तोच हा तांबडा, भोकाभोकांचा दगड. पाऊस भोकांतून आणि भेगांतून खाली झिरपतो. जांभ्याच्या तळाशी पिवळट-पांढऱ्या चिकणमातीचा थर असतो. तिच्यातून पाणी सहजी उतरत नाही, म्हणून ते आडवं सरकतं आणि सडा संपतो त्या उतारावर झरा होऊन बाहेर येतं. जुन्या वाड्या पाहा. सड्यावर घरं जवळजवळ नाहीत, उताराला आणि पायथ्याला आहेत. वाडीची जागा आधी झऱ्याने ठरवली, माणसाने मागाहून. त्याच झऱ्याचा पाट वळवून वायंगणी भात आणि नारळी-पोफळीचं आगर उभं राहिलं.

शंकराच्या पिंडीवरचं अभिषेकपात्र असतं ना, तसा हा सडा. भरायचं एकदम, गळायचं थेंब थेंब. कोकणातल्या पात्राचं भोक मात्र जरा मोठं आहे. जांभ्यात पाणी पटकन शिरतं तसं पटकन निघूनही जातं. दिवाळीत खळाळणारा झरा होळीला बारीक होतो आणि एप्रिलमध्ये बायका डुऱ्यात, म्हणजे पाण्यासाठी खणलेल्या लहान खड्ड्यात, वाटीने पाणी भरताना दिसतात. यात चिरेखाणीची भर पडली. चिरे काढायचे म्हणजे पाणी धरणारा थरच उचलून ट्रकमध्ये भरायचा. एखादी खाण सगळा डोंगर कोरडा करत नाही हे खरं. पण झऱ्याच्या नेमक्या वरच्या अंगाला ती असली तर फरक खालच्या वाडीला कळतो, आणि खाण आणि वाडी दोन वेगळ्या ग्रामपंचायतींत असली की बोलायचं कुणाशी, हेही कळत नाही.

कोकणच्या पाण्याची एक थट्टाच वाटावी अशी गोष्ट चिपळूणला दिसते. घाटमाथ्यापलीकडे पूर्वेला वाहणाऱ्या कोयनेचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला आणतात, पोफळीला त्यावर वीज होते आणि ते पाणी वाशिष्ठीत सोडून देतात. वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीच्या आसपास. कोयना धरणाची साठवण १०५ टीएमसी आहे, त्यावरून अंदाज करा. वाशिष्ठी उन्हाळ्यातही वाहती दिसते ती यामुळे. हे पाणी पुढे खाडीत जातं, आणि नदीपासून काही मैलांवरच्या उंच वाड्यांवर त्याच दिवसांत टँकर चढत असतो. पाणी नदीत असणं आणि वाडीवर असणं यांत पंप, पाइप आणि विजेचं बिल एवढं अंतर असतं.

किनाऱ्यालगतच्या विहिरींचं शास्त्र निराळं आहे. पुळणीपासून हाकेच्या अंतरावर विहीर खणली तरी पाणी गोडं लागतं, याचं नवख्या माणसाला नवल वाटतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा किंचित हलकं असतं, म्हणून वाळूत मुरलेला पाऊस खाली शिरलेल्या समुद्राच्या पाण्यावर तरंगत राहतो. हिशेब ठरलेला आहे: भूजल समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल, तर सपाटीखाली साधारण ४० मीटर जाडीचं गोडं पाणी असतं. घायबेन आणि हर्झबर्ग या दोन अभ्यासकांनी हे स्वतंत्रपणे मांडलं. सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव चहूबाजूंनी समुद्र असून गोड्या आहेत. तिथलं पाणीही बेटावर पडून मुरलेल्या पावसाचंच.

हाच हिशेब उलटाही चालतो. बोअर मारून पंप दिवसभर सुरू ठेवला आणि गोड्या पाण्याची पातळी १ मीटरने उतरली, तर खालून खारं पाणी कालांतराने ४० मीटर वर येऊ शकतं. म्हणून समुद्रकाठी उथळ विहीर आणि रहाट टिकले, खोल बोअरचं पाणी मचूळ झालं. देवबागसारखी एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी अशी चिंचोळी पट्टी असेल, तर हा धोका दोन्ही बाजूंनी असतो. पर्यटनाच्या गावांत प्रत्येक नव्या लॉजमागे नवा बोअर मारताना हे कुणी तरी मोजायला हवं.

बरं, छपरावरचंच पाणी साठवलं तर? एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. ५० चौरस मीटरच्या कौलांवर ३,००० मिलिमीटर पडला की दीड लाख लिटर झाले. जल जीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर धरले आहेत, म्हणजे पाच जणांना दिवसाला २७५ आणि वर्षाला लाखभर. छप्पर वर्षाची गरज भागवून उरतं. अडचण टाकीची. वर्षाचं पाणी कुणी घरी साठवणार नाही. मार्च ते मे या तीन महिन्यांना मात्र साधारण पंचवीस हजार लिटर पुरतात, आणि तेवढी टाकी परसात बसते. गावपातळीवर साठवायची रीत तर फार जुनी आहे. मालवण तालुक्यातला धामापूरचा तलाव १५३० चा, आजही पाणी धरून आहे, आणि २०२० मध्ये त्याला सिंचनाचा जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली.

राहिला कायदा. पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय करार १९७१ मध्ये इराणमधल्या रामसर गावी झाला. त्याची व्याख्या फार ऐसपैस आहे: दलदल, तळी, खाडी, ओहोटीला सहा मीटरपर्यंत खोल असलेला समुद्र, माणसाने केलेली तळीसुद्धा. त्या कराराच्या यादीत २०२२ मध्ये ठाण्याची खाडी गेली, रोहितांच्या (फ्लेमिंगोंच्या) थव्यांसकट. आपल्या देशातल्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी मात्र नदीपात्रं, भातशेती आणि पिण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले साठे बाहेर ठेवले. कांदळवनाला किनारपट्टीच्या वेगळ्या नियमांचं संरक्षण आहे. आणि सडा? जून ते सप्टेंबर त्यावर उथळ डबकी भरतात, बेडूक येतात, सीतेची आसवं फुलतात. ही निळी-जांभळी नाजूक वनस्पती दगडावर पोषण मिळत नाही म्हणून पाण्यातले सूक्ष्म जीव धरून खाते. दीपकाडीची पांढरी फुलं तर कोकणातल्या सड्यांचीच. ऑक्टोबर सरला की सगळं वाळतं आणि कागदोपत्री ती 'पडीक जमीन' होते. चार महिने पाणथळ आणि आठ महिने कातळ अशा जागेसाठी आपल्या दप्तरात रकाना नाही.

तोवर आपल्या वाडीपुरतं एक काम घड्याळ आणि बादली घेऊन करता येतं. झऱ्याचं पाणी पन्हळीने एका धारेत आणायचं, खाली दहा लिटरची बादली ठेवायची आणि भरायला किती सेकंद लागतात ते पाहायचं. वीस सेकंद लागले तर मिनिटाला ३० लिटर, दिवसाला ४३,२०० लिटर. माणशी ५५ च्या हिशेबाने ते ७८५ माणसांना पुरतं, मात्र रात्री वाहून जाणारं पाणीही टाकीत धरलं तर. बारीक वाटणाऱ्या धारेतही इतकं असतं. ही मोजणी दिवाळीनंतर एकदा, होळीला एकदा आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात एकदा करायची, तीही दरवर्षी त्याच ठिकाणी. योजना मात्र मेच्या आकड्यावर आखायची. दिवाळीतल्या आकड्यावर आखलेल्या नळयोजनांच्या कोरड्या टाक्या कुठल्याही तालुक्यात बघायला मिळतात.